न दिलेला पत्ता

आई गेली त्या दिवशी दादा जहाजावर होता. त्याच्या आधीच्या रविवारी मी काय केलं, ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही.

दोन हजार सहा साली जामसंड्यात माझं सायबर कॅफे होतं. जहाज बंदराला लागलं की दादा तिथून कॅमेऱ्यावर यायचा, आणि आई त्याला बघायला दुकानात. त्या रविवारी ती नवं पातळ नेसून आली. "आज दिसतलो मा रे तो?" घरी राहिलेला मी होतो. तिचं दुखलंखुपलं मी बघायचो. नवं पातळ मात्र त्याच्यासाठी — एवढंच. याहून मोठं कारण मला अजून सापडलेलं नाही.

तुम्हाला थोडं समजावून सांगायला हवं. कॉम्प्युटर सुरू झाला की आधी हाक मारतो — मला पत्ता द्या. माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम मागच्या मागे चालू असायचा. तो प्रत्येकाला काही तासांपुरता पत्ता द्यायचा. पत्ता नाही, तर इंटरनेट नाही. कॅमेऱ्याचा कॉम्प्युटर सकाळपासून बंद होता. आई त्याच्यासमोर बसली. तो सुरू करण्याआधी मी टेबलाशी गेलो आणि तो प्रोग्राम थांबवला.

कॉम्प्युटर हाका मारत राहिला. उत्तर येईना, तेव्हा त्यानं स्वतःच एक पत्ता ठरवून घेतला — कुठेही न पोचवणारा. मी वायर काढून लावली, पुन्हा बंद करून चालू केला. दुरुस्तीचं सोंग — पण घाम खरा होता. शेजारच्या मुलांना पत्ते आधीच मिळालेले. त्यांचं चालू होतं.

"तेंचा कसा चलता रे मग?" आईनं विचारलं.

"तेंका कॅमेरो नाय, आई."

"म्हणजे माज्याच मशीनाक ताप इलो म्हण!" ती हसली.

प्रोग्राम पुन्हा चालू करायला टेबलापर्यंत चार पावलं. मी उठलो का? नाही — आणि का नाही, ते मला सांगता येत नाही. काळोख पडेपर्यंत ती बसून राहिली. उठताना म्हणाली, "तेका सांग, मी इल्लंय."

गुरुवारी ती झोपेतच गेली. दादाचं जहाज तोवर बंदरातून सुटलं होतं.

त्याला मी सांगितलं, लाइन नव्हती. दुकान पुढे बंद केलं. दादा गणपतीत घरी येतो. आईजवळ शेवटपर्यंत धाकटा होता, असं तो आल्यागेल्याला अभिमानानं सांगतो. मी तिथेच बसलेला असतो.