गळ्यातली फळी

आमच्या अकोल्याच्या शाळेच्या हेडमास्तरांना सारं गाव ‘इचारे मास्तर’ म्हणे. आडनाव निराळंच होतं; पण समोर कुणीही परगावचा दिसला की हा गृहस्थ त्याला आधी विचारी, “तुमच्याकडं याले काय म्हन्तेत?”

कापसाला सोन्याचा भाव आला होता तेव्हाची ही गोष्ट. अमरावतीच्या बाजारात नागपूर-खानदेशाकडचे गाडीवान उतरत. मास्तर सुटीत तिथे जात आणि मलाही ओढून नेत. मी त्यांच्या हाताखालचा शिक्षक, मूळचा अमरावतीचा. सगळा बाजार भाव विचारत फिरे आणि हे विचारत, तुमच्याकडे रुसलेल्या बायकोची समजूत कोणत्या शब्दांत काढतात! एका गाडीवानाने तर चाबूकच उगारला. मास्तर म्हणाले, “मारा बाप्पा, पन आंधी सांगा.”

रेल्वेच्या कामावरच्या आयरिश साहेबालाही त्यांनी सोडलं नाही. तोडक्यामोडक्या हिंदुस्थानीत तो म्हणाला, आमच्याकडेही पश्चिमेचे लोक दक्षिणेच्या बोलीला हसतात, दक्षिणेचे उत्तरेच्या. शाळेत मात्र तिघेही मार खातात. इंग्रजी सोडून घरची भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकूड बांधतात.

 मास्तर म्हणाले, “म्हंजे तुमचे पोट्टे बी आमच्यासारखेच.”

पुढे पुण्याकडचे एक डिपुटी शाळा तपासायला आले. मुलांचं बोलणं ऐकून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. वऱ्हाडी बोलेल त्याच्या गळ्यात फळी अडकवा, असा हुकूम देऊन ते गेले. परत आले तेव्हा फळी मास्तरांच्याच गळ्यात होती.

“हा काय तमाशा?”

“रावसाहेब, या शाळेत सगळ्यात जास्त वऱ्हाडी मीच बोलतो. पोरायच्या गळ्यात टाकाले माहा हात धजत नाई.”

“नोकरीला मुकाल.”

“मुकतो. पन मायची बोली बोलून पोट्ट्याचं काहून चुकलं, तेवढं सांगून जा.”

डिपुटींनी तिथल्या तिथे हुकूम लिहिला. मास्तरांना काढून टाकलं. ते निघाले तेव्हा मुलं रडत होती, आणि हे ताठ मानेने चालले होते. मला त्यांचा विलक्षण अभिमान वाटला, अजूनही वाटतो.

दुसऱ्या दिवशी डिपुटींनी मला बोलावलं. “तुमचं बोलणं शुद्ध आहे. शाळा तुम्ही सांभाळा, आणि ती फळी वापरा.”

हेडमास्तरकी चालून आली होती. घरी आई किती आनंदली असती!

“मले नाई जमनार,” मी म्हणालो. वरिष्ठांपुढे मी वऱ्हाडी बोललो, ते त्या दिवशी पहिल्यांदाच.