बारावीचा फॉर्म आणि जगाचा शेवट

मला त्या टीव्हीवरच्या उपदेशकाचा संताप येतो, आणि तो मी कशाला लपवू? अंगात पांढरा सूट, डोळ्यांत पाणी, मागे आगीचे लोळ, आणि हिंदीत घसा फोडून सांगणार, की डिसेंबर संपायच्या आत जग संपणार. सांगणारा स्टुडिओत बसलेला. रावेरकडे केळी पिकवणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने ते खरं मानलं.

सुरुवातीला त्या उपदेशकाला मीच हात जोडले होते, हेही सांगते. त्या चॅनेलवरच्या येशूच्या प्रार्थना ऐकून भावाची दारू सुटली. आम्ही सगळे वर्षानुवर्षं सांगून थकलो होतो. देव कुठला का असेना, माणूस शुद्धीत घरी येतोय, एवढं मला पुरे होतं.

त्याची मुलगी माझ्याकडे देवपूरला राहून बारावी करत होती. नर्सिंगला जायचं म्हणून पोर पहाटे उठून जीवशास्त्र घोकायची. दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नाही. फोन केला तर भाऊ म्हणाला, शेवटच्या दिवसांत लेकरू जवळ असलेलं बरं. इकडे कॉलेज बोर्डाच्या फॉर्मसाठी माझ्यामागे लागलेलं. मुदत चार दिवसांवर आली, तशी भावाच्या सहीसाठी फॉर्म पर्समध्ये घातला आणि तडक गाव गाठलं.

भर सकाळी टीव्ही सुरू होता. भाऊ म्हणाला, मी सही करणार नाही. परीक्षा फेब्रुवारीत, आणि फेब्रुवारी येणार असं धरून चालणं म्हणजे देवावर अविश्वास, असं त्या उपदेशकाने बजावलंय म्हणे. भुसावळला माझी ख्रिस्ती मैत्रीण आहे, जन्मभर चर्चला जाणारी. तो दिवस कुणालाच ठाऊक नसतो, असं आमच्या शास्त्रातच आहे, असं ती म्हणाली होती. तेही मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ते लोक झोपलेत.

मी खिडकीबाहेर बघितलं. घरामागे हातभर वाढलेली नवी केळी उभी होती. ऑक्टोबरात लावलेली, ठिबकसकट.

"ही कधी कापणार?" मी विचारलं.

"पुढच्या दिवाळीच्या आसपास," तो सवयीने बोलून गेला.

माझं डोकंच फिरलं. केळीला पुढचं वर्ष आहे आणि पोरीला नाही? जग बुडायचं ते नेमकं तिच्याच परीक्षेच्या आधी? तोंडाला येईल ते बोलले. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. पोर दाराशी खाली मान घालून उभी होती. मी कोरा फॉर्म घेऊन परत आले.

डिसेंबर गेला. जानेवारीत तो उपदेशक पुन्हा पडद्यावर हजर. तुमच्या प्रार्थनांमुळे देवाने मुदत वाढवली, म्हणाला, आणि त्याच तोंडाने जूनच्या शिबिराचं आमंत्रणही दिलं. निलाजरा मेला. हे सांगायला भावाचाच फोन आला. अक्का, वाचलो आपण, म्हणत होता, आनंद नुसता ओसंडत होता. मग फोन पोरीने घेतला.

"आत्या," ती म्हणाली, "बोर्डानेपण वाढवली का गं मुदत?"