न टोचणारं यंत्र

सासूबाईंना सुईची भारी भीती. मुकुंदवाडीतल्या आमच्या घरात त्यांची साखर तपासायची म्हणजे आधी विनवण्या, मग रुसवा आणि शेवटी कसाबसा रक्ताचा एक थेंब. म्हणून शेंद्र्याच्या कंपनीतून येताना नवऱ्यानं ते यंत्र आणलं, तेव्हा त्या हरखल्या. कपड्याच्या चिमट्यासारखं होतं. बोट आत ठेवायचं, न दिसणारा प्रकाश बोटातून जातो आणि आकडा उमटतो.

मी शाळेत विज्ञान शिकवते. इन्फ्रारेड प्रकाशाचा ठरावीक भाग साखर शोषून घेते आणि उरलेल्या प्रकाशावरून तिचा अंदाज बांधता येतो, हे मला ठाऊक आहे. पण रक्तात साखरेपेक्षा पाणी कितीतरी जास्त, आणि तेही हाच प्रकाश शोषतं. वर कातडी आहे, घाम आहे. भलेभले त्यात अजून चाचपडताहेत, आणि हे खेळणं आमच्या फ्रिजवर बसून बेधडक निकाल देत होतं. तत्त्व खरं आहे, म्हणूनच माझा जास्त संताप व्हायचा.

"एकशे आठ," सासूबाई खुशीत सांगायच्या. "जपमाळेच्या मण्यांएवढी. आता कशाला टोचायचं?"

एकदा मी त्यांच्यासमोर चिमट्यात गाजर धरलं. एकशे बारा.

"गाजर गोडच असतंय की," त्या म्हणाल्या.

मी हसले, पण आतून हादरले होते. कारण त्या आकड्याच्या भरवशावर त्यांनी मधुमेहाची गोळी आधी एक दिवसाआड केली आणि मग बंदच केली.

उन्हाळा लागला. नळाला पाणी रोज येत नाही, आणि आमचा माठ दुपारीच रिकामा होऊ लागला. ऊनच तसं आहे, असं सगळे म्हणाले. मग न्हाणीघरात मुंग्या आल्या. सासूबाई रोज सकाळी तुळशीपाशी मुंग्यांना साखर घालतात, त्यांच्या आईपासूनची रीत. साहजिकच खापर त्या साखरेवर फुटलं. मीही वैतागून म्हणाले, "आत्या, थोडे दिवस तुळशीपाशी साखर घालू नका."

"मुक्या जीवांचं तोंड बांधतीस व्हय?" त्या म्हणाल्या, पण घालणं थांबवलं.

अंगणातल्या मुंग्या गेल्या. न्हाणीघरातल्या वाढल्या. मोरीच्या ज्या कोपऱ्यात सासूबाई लघवीला बसतात, तिथंच मुंग्यांची काळी रांग लागत होती. पाण्यानं भरलेला तांब्या हातात धरून मी तशीच उभी राहिले. साखर तुळशीपाशी नव्हती, त्यांच्या अंगातून वाहून जात होती.

नवऱ्याला सांगितलं. तो चिडला. "मशीन एकशे आठ दाखवतंय आणि तू मुंग्यांचं ऐकतेस? शिकलेली बाई ना तू?"

मी वाद घातला नाही. औषधाच्या दुकानातून रक्त तपासायच्या जुन्या मीटरच्या पट्ट्या आणल्या आणि भर दुपारी सासूबाईंसमोर जाऊन बसले. त्या दिवाणावर पाय पसरून पडल्या होत्या, बोट चिमट्यात होतं.

"टोचू नको गं," माझ्या हातातली सुई पाहून त्या म्हणाल्या. "मला काय बी होत नाय. पायाची ती आग व्हायची ना, ती बी गेली बघ."

मला बरं वाटायला हवं होतं. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. जमिनीवरून एक बारीक काळी रांग दिवाणाच्या पायावरून वर चढली होती आणि त्यांच्या टाचेच्या भेगेत शिरत होती. भेग ओली होती, कडा काळसर पडल्या होत्या. आत मुंग्या वळवळत होत्या, चावत होत्या.

सासूबाईंना पायात काहीच जाणवत नव्हतं. त्यांनी चिमटा माझ्यापुढं धरला.

"बघ," त्या म्हणाल्या, "एकशे आठ."