पंचफुलाबाईचा कोठा

ऑटोत बसायच्या आधी पंचफुलाबाई प्रत्येकीला एकच विचारायची, "लेकरू कुठी हाये?" उत्तर पटलं नाही तर हाताला धरून खाली उतरवायची. मग मालक ओरडो की ऑटोवाला हॉर्न वाजवो. भातकुलीकडच्या आमच्या गावात कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी तिची होती, आणि त्या टोळीतली सगळ्यात तोंडाळ पोरगी मी. मला ती 'बालिस्टर' म्हणायची.

बायांच्या खात्यात दर महिन्याला सरकारी पैसे यायला लागले, त्या वर्षी वेचणीला निम्म्या बाया आल्याच नाहीत. आधीच भाव नव्हता, त्यात कापूस झाडावर लोंबत राहिला. ग्रामसभेत बापूराव तापले. टोळीचं सगळ्यात जास्त काम त्यांच्याच शेतात असे. "फुकटचा पैसा भेटून राहिला, म्हनून बाया माजल्या. बंद करा पैसे, मंग पाहा कशा पळत येतात!" टाळ्या पडल्या.

खरी गोष्ट वेगळीच होती. त्याच पावसाळ्यात अंगणवाडीचं छत पडलं होतं, सेविका निवृत्त झाली होती आणि तिच्या जागी कोणी आलं नव्हतं. पूर्वी पोरं दुपारपर्यंत तिथे खिचडी खाऊन खेळायची. आता ती ठेवायची कुठे? माझं डोकं फिरलं, मी उठणार तोच पंचफुलाबाई उभी राहिली. सभेत ती कधी बोलली नव्हती.

"करा ना बंद," ती म्हणाली. "बाया येतीन. तापानं फणफणलेलं लेकरू घरी टाकून येतीन, आधी येतच होत्या. पैशानं बाईले नाई म्हनता येते, बापूराव. तिनं हो म्हनावं असं वाटत असन, तं लेकरू ठेवाले जागा पायजे. बैल इकल्यापासून तुमचा कोठा रिकामा हाये. तो द्या."

"माह्या कोठ्यात तुमची लेकरं?" 'तुमची' हा शब्द त्यांनी असा काही उच्चारला की आमच्या बौद्धवाड्यातल्या सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

तिची गेली नाही. "कोठाच मांगून राहिली ना मी? घर तं नाई मांगत."

बापूराव सभेतून उठून गेले. पण कापूस जमिनीवर गळायला लागला, तेव्हा त्यांनी गुमान किल्ली पाठवली. पंचफुलाबाईने कोठा शेणाने सारवला, जुन्या साड्यांचे झोके बांधले आणि वेचणी सोडून स्वतः पोरांपाशी बसली. मग तिची मजुरी? तिने नियमच घातला. वजनकाट्यावर जायच्या आधी प्रत्येकीने आपल्या ओटीतला ओंजळभर कापूस तिच्या ढिगात टाकायचा. ज्यांना लेकरू नाही त्यांनीसुद्धा.

"माहं तं लगनबी नाई झालं, मी काहून टाकू?" मी भांडले.

"होईन वं बालिस्टर. आन् नाई झालं तरी टाक!"

टाकला. कुरकुरत, पण टाकला. दुसऱ्याच आठवड्यात राहिलेल्या बाया कामावर आल्या.

तिची लेक अकोल्यात जठारपेठेत राहायची. "आई, आता पैसे येतात ना? इकडे ये, आराम कर," म्हणायची. बाई जायची आणि लगेच परत यायची. "बसून बसून आंग दुखते माहं," म्हणायची. फुकटच्या पैशाने माणूस आळशी होतो असं कोणी सांगायला लागलं, की मला अजूनही त्याच्याशी भांडावंसं वाटतं.

पुढच्या हंगामात, ऐन वेचणीत, तिच्या छातीत कळ आली. अमरावतीला नेलं, पण उशीर झाला. आम्ही तिला पोचवून आलो, फार रडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं कडेवर घेऊन बाया कोठ्याकडे निघाल्या, सवयीने. "आता कायचा कोठा, कायचं काम," एक जण म्हणाली.

कोठ्याचं दार उघडं होतं. आत बापूरावांची बायको बसली होती. आजवर आम्हाला प्यायला पाणी द्यायची ती हातभर वरून, ओंजळीत ओतून. आमच्या आधी कोणीतरी आणून सोडलेलं एक पोर तिच्या पुढ्यात हातपाय झाडत रडत होतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हनून उगी करे वं पंचफुलाबाई याले?"

मी म्हणाले, "काई नाई म्हने. खांद्यावर घेऊन फिरे."

मग तिने पदर खोचला, पोराला उचलून खांद्यावर घेतलं आणि फिरायला लागली.