तीन पंपांची परीक्षा

पंपाच्या कारखान्यात काम केलं की हाताचं ग्रीस साबणाने जातं, किस्से काही जात नाहीत! आता जळगाव एमआयडीसीतली आमची टेस्टिंग लॅब एसी झालीय, सगळं कॉम्प्युटर बघतो. मला मात्र ती जुनी पत्र्याची शेडच आठवते, आणि फार आठवते. तेव्हा आम्ही तिघंच होतो: पुण्याहून आलेले साहेब, धुळ्याकडचे फोरमन नाना आणि मी.

नवा पंप किती टिकतो ते बघायचं होतं. मालकांनी बजावलं, "जूनमध्ये मृगबागेच्या केळीची लागवड सुरू व्हायच्या आत पास झाला तर ठीक. नाहीतर पंपही बंद, तुमची लॅबही बंद!"

साहेबांनी तीस नमुने मागितले. मालक म्हणाले, "तीस तुम्हाला फोडायला दिले, तर विकू काय? कपाळ?"

मिळाले तीन!

मग पंप तापत्या हवेत चालवून बघायला साहेबांना हवा होता हॉट चेंबर. खर्च ऐकून मालक उठूनच गेले. नाना म्हणाले, "चेंबर कसाले? जळगावना मे महिना शे ना!" पहिला पंप पत्र्याखाली लावला. पंप ठणठणीत राहिला, ऊन लागलं ते साहेबांना!

त्यात लाईट सारखी जायची. टेस्ट तुटली म्हणून साहेब डोक्याला हात लावायचे. नाना खुशीत! "साहेब, वावरमा बी लाईट अशीच जास. हाई बठ्ठं फुकटनं टेस्टिंग शे!" पुढेपुढे तर दुपारी लाईट गेली नाही की साहेबच अस्वस्थ व्हायचे.

दुसरा पंप टाकीतलं पाणी टाकीतच फिरवत होता. शहरात नळ कोरडे. आम्ही जेवून आलो तर टाकी रिकामी, आणि शेजारच्या कारखान्यातल्या बायका हंडे भरून चाललेल्या! पंप कोरडाच घरघरत होता, पण जळला नव्हता. कोरडा चालवून बघायची साहेबांची छातीच होत नव्हती इतके दिवस. नानांनी बायकांना हाक मारली, "बाई, उद्या बी या!"

तिसरा पंप जवळच्याच असोदा गावात एका अक्कांच्या केळीत बसवला होता. चाचणीची मुदत संपली. तो खोलून आतली झीज बघितल्याशिवाय मालक हो म्हणणार नव्हते, म्हणून तेही सोबत आले. आम्ही पाने-पकडी घेऊन विहिरीपाशी गेलो, तर अक्का आडव्या आल्या!

"चालून राह्यला ना? मंग कायले खोलता?"

साहेब म्हणाले, "अक्का, आत किती झिजलाय, ते खोलल्याशिवाय कसं कळणार?"

अक्कांनी बांधावर तंबाखू मळत बसलेल्या नवऱ्याकडे बोट केलं. "यायले पाहा. नातवायचे लग्नं झाले, तरी चालून राह्यले. म्या कधी खोलून पाह्यलं का?"

मालक पोट धरून खालीच बसले. डोळे पुसत म्हणाले, "नाना, पाने-पकडी डब्यात ठेवा. सोमवारी माल गाडीत भरा!"