बोटीला कुलूप

सायकलींवर कोकण किनारा फिरायला मी आणि बिबवेवाडीचा मित्र निघालो होतो. खाडीवरच्या बोटीत एका वेळी एकच सायकल मावत होती. नावाडी फारच गोड हसला, म्हणून मला संशय आला. मंडईत माझी एक सायकल चोरीला गेलेली! मी सायकल बोटीच्या कठड्याला साखळीने जखडली आणि किल्ली, नावाड्याच्या हाती लागू नये म्हणून, काठावर थांबलेल्या मित्राकडे दिली.

पलीकडे पोहोचल्यावर सायकल उतरेना.

नावाडी म्हणाला, "काका, तुम्ही उतरा, चहा घ्या. मित्राला आणतो, किल्लीही येईल."

"आणि सायकल?"

"ती येईल की माझ्याबरोबर."

"छे! मीही येतो," म्हणत मी सायकलीला टेकून बसलो.

"अहो, बोट सोडून ती घेऊन पळू कसा?"