ग्रेडर दादाची आफ्रिका

दादा गेल्याचा फोन वहिनींनी स्वतः केला. "शोभाबाई, हे गेले. चहा पिऊन आडवे झाले, ते झालेच." यवतमाळहून दारव्ह्याला निघताना मी सवयीने कागद घेतला. कोणाला कळवायचं, काय सोबत न्यायचं... पण पहिलं नाव लिहायच्या आधी मी बोटांवर महिने मोजले. आफ्रिकेहून परतून अकरा महिने झाले होते. आणि त्याला तिथे मी नेलं होतं.

माझा हा थोरला भाऊ तीस वर्षं कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. गाडीतला मूठभर कापूस उचलायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ताणायचा, धाग्याची लांबी बघायची, प्रत सांगायची आणि पुढच्या गाडीकडे वळायचं. गाडीवाल्याच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, हा त्याचा नियम. "चेहरा पाह्यला का हात चुकते," म्हणायचा. चांगल्या वर्षांत हा नियम केंद्राच्या फाटकाबाहेर येत नसे. मग कापसाची ती वाईट वर्षं आली. रोज डागी कापूस, रोज खालची प्रत, आणि दादा घरीही मान वर करेनासा झाला. ताटाकडे बघून जेवायचा, पेपराकडे बघून उत्तर द्यायचा. निवृत्तीनंतरही तेच. वहिनी एकदा म्हणाल्या, "मी उद्या टिकली लावली नाही तरी यांले समजणार नाही."

दादाचा मुलगा, माझा भाचा, नोकरीनिमित्त आफ्रिकेत आरुषाला. त्याने तीन दिवसांच्या सफारीला बोलावलं. वहिनींचे गुडघे जीपमध्ये टिकणारे नव्हते, म्हणून सोबतीला मी; आणि दादाला हृदयविकाराचा एक झटका येऊन गेलेला. डॉक्टरांनी बरेच आढेवेढे घेत होकार दिला. वहिनींनी दिला नाही. "यांले तिकडं काही झालं, तर मी तुम्हाले माफ करणार नाही. आताच सांगून ठेवतो." मी ऐकलं आणि गोळ्यांची यादी केली... सकाळच्या, दुपारच्या, जिभेखालच्या.

पहिल्या दिवशी मन्यारा सरोवर. काठाला लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी पट्टी. आमचा वाटाड्या जोसेफ कौतुकाने दाखवत होता. दादाने डोळे बारीक केले. "रंग चांगला आहे, पण एकसारखा नाही. दुसरी प्रत." भाच्याने ते जोसेफला समजावून सांगितलं, आणि मग जोसेफला नादच लागला. कोणताही प्राणी दिसला की तो मागे वळून विचारायचा, "ग्रेड, बाबा?" झेब्रा पहिल्या प्रतीत गेले. रानडुकराला दादाने फरदड ठरवलं, म्हणजे मोडलेल्या पिकाला पुन्हा येणारा हलका कापूस. त्यावर भाचा इतका हसला की दुर्बीण खाली पडली.

दुसऱ्या दिवशी गोरोंगोरो. कधीकाळी फुटून खचलेल्या ज्वालामुखीची ती प्रचंड परात. तिच्या काठावर गाडी चढली तशी थंडी वाढली, धुकं आलं आणि दादाला धाप लागली. मी घड्याळ बघत त्याची नाडी मोजत होते. आकडा काही केल्या जुळेना, कारण कानात वहिनी बोलत होत्या. "मोजून झालं का?" दादा म्हणाला. "मंग खाली चाल."

खाली दलदलीशी एक म्हातारा हत्ती एकटाच चरत होता. जोसेफने सांगितलं, दाढा झिजल्या की हे इथे येतात, मऊ गवत मिळतं म्हणून. हत्ती चरता चरता जीपपासून दहा हातांवर येऊन थांबला. दादा उघड्या टपातून उभा होता. "ग्रेड, बाबा?" जोसेफने हळूच विचारलं. त्या सुरकुतलेल्या तोंडाकडे, लांब पापण्यांच्या डोळ्याकडे दादा बघत राहिला... किती वेळ, ते मी मोजलं नाही. मग तो माझ्याकडे वळला आणि तसाच बघायला लागला.

"शोभे, तुह्ये केस कधी पांढरे झाले वं?"

"सहा वर्षं झाली, दादा."

"सांगतलं नाही ते?"

"यादीत लिहायचं राहून गेलं."

तो हसला, खोकला, पुन्हा हसला. मी नाडी बघितली नाही.

दादा गेल्यावर दर रविवारी मी दारव्ह्याला जात होते. कागदपत्रं लावली, कपाटं आवरली, पण वहिनींसमोर एकटीने बसायचं टाळलं. गेल्या रविवारी टाळता आलं नाही. त्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. मी एकदाचं म्हणून टाकलं, "वहिनी, मी नेलं नसतं तर तो आणखी..."

"तर आणखी चार वर्षं पेपराकडं पाहून राह्यले असते," त्या मान वर न करता म्हणाल्या. मग मान वर केली. "आल्या दिवशी मले म्हणे, तू बारीक झाली. मी म्हटलं, आता दिसलं काय? तवापासून रोज इथं बसून बोलायचे. हत्ती अन् डुकरं ऐकून ऐकून माह्ये कान किटले, शोभाबाई. कायले जीव जाळता?"

परतताना एसटीत बसल्या बसल्या मला झोप लागली. कंडक्टरने यवतमाळला उठवलं.

वहिनींचं ते 'इथं' म्हणजे स्वयंपाकघराच्या दारात. ओसरीवरची वेताची खुर्ची दादाने स्वतः ओढत तिथे आणली होती. रस्त्याकडे पाठ, ओट्याकडे तोंड. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय तिला लागतो. ती हलवायचं कोणीच म्हणत नाही. वहिनी गरम कढई घेऊन तिला वळसा घालतात, आणि आता मीही घालते.